दाढीआडचा आवाज

३ एप्रिल १९८३

जिल्ह्याच्या सांस्कृतिक कचेरीचं पत्र आलं. जुन्या नाटकांतल्या ऋषींचे आवाज नाहीसे व्हायच्या आत फितीवर धरून ठेवायचं सरकारनं ठरवलं आहे. प्रांताहून एक पथक यंत्र घेऊन येणार आणि आमच्या तालुक्यातून एकच आवाज घेणार. आमच्या नाटक मंडळीचे प्रमुख पेई यांनी पत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं आणि ‘एकच’ म्हणताना चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी नम्रपणे छताकडे पाहिलं.

मग पेईंनी विचारलं, “शांग गुरुजी, घसा कसा आहे?”

“ठणठणीत.”

“नाही, आपलं विचारलं. घसा बराय ना?”

“बरा आहे.”

जाताना जिन्यावर पुन्हा तेच विचारलं. हाताखालच्या माणसांची इतकी काळजी करणारा प्रमुख विरळाच.

ध्वनिमुद्रण सोळा तारखेला, शिमन गावी. चौदा-पंधराला तिथल्या डोंगरबाबाच्या जत्रेत आमचे प्रयोग आहेतच. जुनी नाटकं बंद होती ती मधली वर्षं सोडली तर सत्तावीस वर्षं मी डोंगरबाबा ऋषीची भूमिका करतो आहे. आता मी मेलो तरी आवाज कपाटात राहील, वर माझं नाव राहील. शांग बोयुआन.

घरी बायकोला सांगितलं. यिंगलान आमच्याच मंडळीत पोशाख सांभाळते. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, “एकच घेणार? मग नीट निवडायला हवा.” बिचारीला वाटतं अजून निवडायचा बाकी आहे.

५ एप्रिल

पहाटे गावकुसाच्या भिंतीशी जाऊन आवाज लावला. वरचा सूर आला नाही. हवेत कोळशाची धूळ फार. खडीसाखर घालून वाफवलेली नासपती खाल्ली, पुन्हा गेलो. तो सूर तरीही आला नाही. भिंतच जुनी झाली आहे, आवाज नीट परतवत नाही.

घरी आलो तर यिंगलान टबात बाह्या धूत होती आणि डोंगरबाबाच्या ओळी गुणगुणत होती. मी म्हटलं, “माझा सूर बिघडतो.” तिनं गुणगुणणं थांबवलं आणि पुढची बाही पाण्यात बुडवली. गुणगुणणं वेगळं, गाणं वेगळं. तिचा आवाज छपन्न साली फुटला तो फुटलाच.

ते साल आठवलं की अजून अंगावर मूठभर मांस चढतं. आमच्या गुरूंकडे ती माझ्याआधी अकरा महिने आली होती. आमच्यात वय बघत नाहीत, गुरूच्या पायावर डोकं आधी कोणी टेकलं ते बघतात. त्यामुळे माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असूनही ती माझी थोरली गुरुभगिनी. मी तिला ‘ताई’ म्हणायचं! लग्नानंतर मी तो खुळा रिवाज बंद केला. बाकीची मंडळी मात्र अजून तिला ताई म्हणतात. गुंड्या लावणाऱ्या बाईला एवढा मान कशासाठी, हे मला समजलेलं नाही.

तर गुरूंच्या मनात डोंगरबाबा तिला द्यायचा होता. म्हातारपणी माणसाला काहीही सुचतं. पण नेमक्या परीक्षेच्या सकाळी, सातव्या ओळीवर, तिचा आवाज कोंबडीची मान मुरगाळावी तसा फुटला. गुरू रडले. भूमिका मला मिळाली आणि दोन महिन्यांनी लग्न होऊन तीही मिळाली. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, तसं झालं.

९ एप्रिल

तालीम. दोनतारी वाजवणाऱ्या म्हाताऱ्या छूचे कान गेले आहेत. वाद्य इतकं खाली लावतो की ऋषीनं राजाला झापायचं सोडून त्याच्या कानात गुपित सांगावं असं वाटतं. मी म्हटलं, “चढव जरा.”

“तार जुनी आहे गुरुजी. तुटेल.”

दरवर्षी याची तार जुनीच असते. मी पेईंना म्हणालो, छूला निवृत्त करा, माणसानं आपली वेळ ओळखावी. पेई माझ्याकडे पाहून म्हणाले, “खरं आहे गुरुजी. ओळखावी.” इतक्या चटकन ते माझ्याशी कधी सहमत होत नाहीत.

१३ एप्रिल

मालमोटारीतून शिमनला पोहोचलो. वाटभर धूळ. पोशाखांच्या पेट्या आधी उतरल्या, त्यांच्यावर बसून आलेली यिंगलान उतरली, मग आम्ही कलावंत.

उतरल्या उतरल्या देवळाचे कारभारी आले. शिमनच्या लोकांची समजूत अशी: पूर्वी एका राजानं पेरणीच्या दिवसांत गावोगावचे पुरुष महाल बांधायला धरून नेले. तेव्हा हा म्हातारा डोंगर उतरून दरबारात गेला, एका खुर्चीवर बसला आणि त्यानं राजाला चाळीस ओळी सुनावल्या. राजानं माणसं सोडली. आभार मानायला सगळे वळले तर खुर्ची रिकामी. नाव विचारायचंही राहून गेलं. दरवर्षी आपलं बोलणं लोक नीट सांगतात की नाही ते ऐकायला तो जत्रेला येतो, म्हणून पहिलं बाक त्याच्यासाठी मोकळं ठेवतात. चाळीस ओळी अर्धवट राहिल्या तर गव्हावर गारा पडतात.

कारभारी म्हणाले, “गुरुजी, यंदा गहू चांगला आहे हो.”

मी म्हटलं, “वा, छान.”

“चांगला आहे म्हणूनच म्हणतोय,” ते म्हणाले आणि घुटमळून गेले. खेड्यातली माणसं पिकापलीकडे बोलतच नाहीत.

१४ एप्रिल

पहिला प्रयोग झाला. एकंदरीत यशस्वी.

विसाव्या ओळीवर किंचित खाकरलो, तो ऋषीचं वय दाखवण्यासाठी. पंचविसाव्याच्या शेवटाला सूर थोडा निसटला, तो भावनेच्या भरात. शिमनच्या लोकांना दाद कुठं द्यावी हे कळत नाही. जिथं माझा श्वास अडकला नेमके तिथं मागच्या बाकांवरचे ओरडले, “वाहवा! वाहवा!” आणि खिदळले. शहरात असं वाहवा ओरडले तर नटाला पेटी भरून घरी जावं लागतं. पण हे अडाणी लोक, त्यांच्या मनात तसं काही नसणार.

छत्तिसाव्या ओळीपासून पुढं छूनं इतक्या जोरात वाजवलं की मी गातोय की नाही ते कोणाला ऐकू गेलं नसेल. पडदा पडल्यावर त्याला झापला. ऐकून घेतलं, वर हसला.

कारभारी भेटले. म्हणाले, “बाबा आज थकलेले दिसले.” माझी चाल त्यांना भावली असावी. आज मुद्दाम पाय ओढत चाललो होतो.

यिंगलाननं शेवयांच्या वाडग्यात माझ्यासाठी शिरका घातला नाही. का, म्हणून विचारलं. म्हणाली, “आंबट खाऊ नका. उद्या तरी.”

१५ एप्रिल, सकाळ

तोंड उघडलं तर आत कोणी नव्हतं.

कुजबुजताही येईना. नासपती, गरम पाणी, मध, सगळं झालं. पेई आले, माझ्या घशात डोकावले, जणू आवाज आतच कुठं तरी लपून बसला आहे. मग तिथंच डोक्याला हात लावून बसले. प्रयोग रद्द करता येत नाही, देव बाकावर येऊन बसणार. म्हणाले, “नाट्यविद्यालयातला तो नवा पोरगा तालुक्याला आहे. मोटार पाठवतो. दुपारपर्यंत येईल.” आणि मग, दुसरीकडं बघत, “येणारच आहे तर उद्याची फीतही त्यालाच देऊ.”

मी कागदावर लिहिलं: नाही. त्याखाली दोन रेघा ओढल्या.

यिंगलान कोपऱ्यात माझ्या झग्याची शिवण घालत होती. दातानं दोरा तोडून म्हणाली, “मोटार कशाला? मी म्हणते की.”

पेई म्हणाले, “ताई?”

“मागच्या पडद्याआड उभी राहते, ह्यांच्या खुर्चीच्या बरोब्बर मागं. ह्यांच्या तोंडावर हातभर पांढरी दाढी आहे. आत ओठ कोणाचे हलतात ते कोणाला दिसतंय?”

मी लिहिलं: तुझा आवाज फुटलेला आहे.

तिनं कागद हातात घेऊन वाचला. “हो, नाही का? विसरूनच गेले होते,” म्हणाली.

पेईंनी माझं मत विचारलंच नाही. हा सगळा वेडेपणा आहे. पण पोरगा येण्यापेक्षा बायकोचं बरं. नाव तरी घरातच राहील. मी तिला लिहून दिलं की तुला ही संधी देतो आहे. ती म्हणाली, “उपकार झाले.”

१५ एप्रिल, संध्याकाळ

प्रयोग झाला. मी अप्रतिम झालो!

खरंच सांगतो, इतका मोकळा मी रंगभूमीवर कधी नव्हतो. श्वासाची चिंता नाही, सगळं लक्ष हातवाऱ्यांवर. दाढीच्या तारा कानांवर नीट बसल्या होत्या. खुर्चीवर बसलो, तोंड उघडलं आणि पाठीमागून पहिली ओळ आली.

शेंगा फोडणारे प्रेक्षक थांबले.

छूची दोनतारी आज वर होती, कितीतरी वर. जुनी तार तुटली नाही. अठ्ठाविसाव्या ओळीला मी बोट उगारलं, नेहमीप्रमाणे चार मोजून खाली आणणार, तर ती सूर सोडीचना. मी बोट वर धरून बसलो. दहा झाले, बारा झाले. बोट थरथरायला लागलं, लोकांना वाटलं ऋषी संतापला आहे. मागच्या बाकांवरची सगळी माणसं उठून उभी राहिली. तिनं सूर ठेवला तेव्हा वाहवा आली, जिथं यायला हवी तिथंच आणि एकाच वेळी. याच लोकांना काल दाद द्यायची अक्कल नव्हती.

कारभारी डोळे पुसत आले आणि माझे दोन्ही हात धरले. “बाबा परत आले,” म्हणाले. मी मान लववली. दुसरं करणार काय? मागं पाहिलं तर ती पडद्याआडून येऊन गुडघ्यावर बसून माझ्या बुटांचे बंद सोडत होती.

इथपर्यंत आनंदानं लिहिलं. आता एक गोष्ट सुचते आहे आणि ती मला आवडत नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी फुटलेला आवाज असा कसा लागेल?

जेवणाआधी छूला गाठला. पाटीवर लिहिलं: आज तार कोणी चढवायला सांगितली?

“ताईंनी.”

आणि इतकी वर्षं?

छूनं पाइप झाडला. “जुनी नाटकं परत सुरू झाली तेव्हापासून गुरुजी. दर साली केसभर खाली आणतो, तुम्हाला झेपेल तिथं. यंदा आणखी खाली जायला वाद्यात जागाच उरली नव्हती.”

मला का नाही सांगितलंस?

“ताई नको म्हणाल्या. म्हणाल्या, म्हाताऱ्याला कळलं तर त्याचं खाणं जाईल.”

मंडळीत आणखी कोणाला माहीत आहे, असं लिहिलं. त्यानं पाटी परत माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “कोणाला माहीत नाही ते विचारा. म्हणजे लवकर आटपेल.”

मी जेवलो नाही.

१६ एप्रिल, सकाळ

रात्री एक युक्ती सुचली होती. ध्वनिमुद्रण शाळेच्या खोलीत आहे. तिथं दाढी नाही, पोशाख नाही, तोंडापुढं यंत्राचं टोक. तेव्हा घशाला वारं लागू नये म्हणून पाठीमागं जाड पडदा लावायला सांगायचं. मी खुर्चीवर, ती मागं. युक्ती कागदावर काढूनही ठेवली, खिडक्यांसकट.

यिंगलाननं कागद पाहिला. “पडदा कशाला? कोणासाठी?”

मी लिहिलं: फितीसाठी.

“काल बाबासाठी गायले. गारा नकोत म्हणून गायले. यंत्राला कुठं गहू पेरायचाय?”

मग मी ते लिहिलं. छपन्न साली तुझा आवाज फुटला नव्हता.

“नव्हता.”

माझे प्रश्न कागदावर आणि तिची उत्तरं तोंडी, त्यामुळे भांडणात तिची बाजू वरचढ होत होती. मी जेवढ्या वेळात ‘का?’ लिहिलं, तेवढ्यात तिनं इस्त्रीचे कोळसे पण बदलून घेतले.

म्हणाली, “परीक्षेच्या आदल्या दिवशी तुम्ही काय म्हणालात ते आठवतंय? भूमिका नाही मिळाली तर कोळशाच्या खाणीत जातो म्हणालात. मी तुमचे हात पाहिले. आठवडाभर टिकला नसतात. भूमिका एक आणि माणसं दोन. मला शिवता येत होतं. तुम्हाला दुसरं काही येत नव्हतं.”

एवढंच. एवढंच बोलून तिनं इस्त्री फिरवली. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मलाही काही तरी फेकून मारता आलं असतं. मी लिहिलं: मी तुझ्याकडे ते मागितलं नव्हतं.

“मी दिलं, म्हणून तर तुम्हाला मागावं लागलं नाही,” ती म्हणाली. “थोरली होते मी. थोरल्यानं ताटातलं द्यायचं असतं. पण अहो, एखाद्या वर्षी तरी विचाराल असं वाटलं होतं. नुसतं विचाराल. की बाई, तुझ्या आवाजाचं नक्की झालं काय?”

यावर लिहायला कागदाची एक बाजू शिल्लक होती. मला लाज वाटली. आयुष्यभर दुसऱ्यांचे दोष मोजत बसलो त्याची नव्हे, तर सत्तावीस वर्षं तिची गुणगुण ऐकूनही मला ऐकू आलं नाही याची. छूचे कान गेले असं मी सगळ्यांना सांगत फिरत होतो.

१६ एप्रिल, दुपार

यंत्र सांभाळायला एक तरुण बाई आली होती, कॉम्रेड तोंग. कानांवर ऐकायची टोपणं लावून बसलेली. शाळेला जत्रेची सुट्टी. भिंतीवर पोरांनी काढलेला डोंगरबाबा, त्याचं नाक माझ्यासारखं. अर्जावर माझं नाव आधीच टंकून आणलेलं: शांग बोयुआन, ऋषीची भूमिका.

मी लेखणी घेतली, नाव खोडलं आणि वर लिहिलं: चाव यिंगलान. हात बरा चालला. मला वाटलं होतं जास्त जड जाईल.

“आजोबा, सरकारी कागद आहे! खराब केलात!” तोंग किंचाळली. पेईंनी तिला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. ती परत आली आणि यिंगलानकडे पाहत राहिली. यिंगलान एप्रनातच आली होती, छातीवर ओळीनं टाचण्या.

“काकू, पोशाख वगैरे?”

“आवाज घेताय ना? मग पोशाख राहू दे.”

छूनं तार लावली. वर. ती उभी राहूनच गायली, हात पोटावर बांधून, एकही हातवारा न करता. चाळीस ओळी ती आमच्याकडे न बघता खिडकीकडे बघून म्हणाली. मी दाराशी बसलो होतो. बाहेर बदकं ओरडायला लागली तेव्हा उठून त्यांना हाकलून आलो. परत आलो तर अठ्ठाविसावी ओळ चालली होती. काल मला ती फार लांब वाटली होती. आज संपू नये असं वाटत होतं. पेई तोंडावर हात धरून उभे होते.

संपल्यावर तोंगनं फीत मागं फिरवून ऐकवली. यिंगलाननं स्वतःचा आवाज असा बाहेरून कधीच ऐकला नव्हता. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली, सगळं ऐकलं, आणि मान हलवून म्हणाली, “सातव्या ओळीत घाबरले मी. तेवढी परत घेता येईल का?”

परत घेतली. या खेपेला सातवी ओळ स्वच्छ पार पडली.

मग अर्ज भरायचं उरलं होतं. तोंगनं नाव विचारलं, वय विचारलं, गुरूंचं नाव विचारलं. यिंगलाननं एकेक नीट सांगितलं.

“आणि ही भूमिका किती वर्षं करताय?”

“कालपासून.”

तोंग हसली. “थट्टा नको काकू. फितीबरोबर कपाटात राहणार हे. किती लिहू?”

“एक दिवस लिही.”

तोंगनं माझ्याकडे पाहिलं. जुना माणूस आहे, हा तरी खरा आकडा सांगेल, असं तिला वाटलं असावं. खोलीत सगळेच माझ्याकडे बघत होते. यिंगलानही.

मघापासून मला थोडं थोडं कुजबुजता येऊ लागलं होतं; सत्तावीस वर्षांचा हिशेब सांगता आला असता. मी गळ्याकडे बोट दाखवलं आणि नाही अशी मान हलवली. पोरगी हळहळली आणि तिनं रकान्यात ‘एक दिवस’ लिहिलं.